विमानातून उतरलेली सायकल गावापर्यंत

सायकल ही आपल्या ओळखीची वस्तू आहे. दुधाच्या किटल्या लावून ती डेअरीवर जाते. पोर तिच्यावर बसून शाळेला जाते. बाजाराची पिशवी हँडलला अडकवावी, घरी आल्यावर ती भिंतीला टेकवावी, की झाले. सायकलीची बडदास्त कोणी ठेवत नाही.

पण आता आपल्या सिंधुदुर्गात एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. पाऊस सरला आणि थंडी पडू लागली की लांबलांबची माणसे इकडे सायकलीवरून हिंडायला येतात. रेडी, शिरोडा, वेंगुर्ले, मालवण असा समुद्राकाठचा रस्ता त्यांना आवडतो. वाटेत खाडी लागते, माडांच्या बागा लागतात, चढउतार लागतात. ही माणसे विमानाने येतात आणि आपली स्वतःची सायकल खोक्यात घालून सोबत आणतात.

विमान सायकलीला विमानतळावर उतरवते. तेथून पुढे गावापर्यंत तिला कोण आणणार? आपल्यापैकीच कोणीतरी! कोणाचा टेंपो असतो. कोणाच्या घरी निवास-न्याहारीची सोय असते. कोणाचे सायकल दुरुस्तीचे दुकान असते. हे काम नीट कसे करावे, ते या पाठात आपण पाहू या.

काम दिसायला लहान आहे. वाट तीस-चाळीस किलोमीटरांची. पण पाहुण्याकडे दिवस मोजके असतात. सायकल मोडून आली तर त्याची सगळी सहल पाण्यात जाते. घरवाल्याच्या खोल्या रिकाम्या राहतात. आणि टेंपोवाल्याच्या माथी दोष येतो, मग चूक त्याची असो वा नसो. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. पण जाहीर झाल्याने पाहुणा पुन्हा येत नाही. आपला अनुभव चांगला आला, तरच तो पुन्हा येतो आणि चार जणांना सांगतो.

स्वतःचीच सायकल कशाला?

कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? इथं भाड्यानं सायकल मिळत नाही का?"

मिळते. पण दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाला ती अंगाच्या मापाची लागते. सदरा मापाने शिवतो, तशी ही सायकल मापाने घेतलेली असते. सीटची उंची, हँडलचे अंतर, सगळे अंगाला बसलेले असते. दुसऱ्याची चप्पल घालून आपण मैलभर जाऊ, पण जत्रेला चालत जाणार नाही. तसेच हे आहे. म्हणून पाहुण्याला त्याची सायकल जिवापाड असते. आपल्या हाती येते ती अशी वस्तू.

आधी विमानतळ कोणता ते वाचा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा. तो वास्कोजवळ, जुवारी नदीच्या दक्षिणेला आहे. नवा मोपाचा. तो पेडणे तालुक्यात आहे आणि त्याला मनोहर पर्रीकर यांचे नाव दिलेले आहे. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमाने येऊ लागली. दोन्हींमध्ये साठएक किलोमीटरांचे अंतर आहे.

पाहुणा फोनवर म्हणतो, "मी गोव्याला उतरतो." टेंपोवाला मोपाला जाऊन उभा राहतो आणि पाहुणा दाबोळीला उतरतो. मग काय होईल? दोघांचेही तीन-चार तास जातील आणि भाड्यावरून वाद होईल तो वेगळाच.

म्हणून पाहुण्याकडून तिकिटाची प्रत मागून घ्यावी आणि ती वाचावी. तिकिटावर प्रत्येक विमानतळाची खूण तीन इंग्रजी अक्षरांत असते. मोपाची खूण जी-ओ-एक्स. दाबोळीची जी-ओ-आय. इंग्रजी येत नसले तरी शेवटचे अक्षर ओळखता येते. एक्स हे अक्षर फुलीसारखे दिसते. आय हे अक्षर उभ्या काठीसारखे दिसते. फुली म्हणजे मोपा, काठी म्हणजे दाबोळी. एवढे ध्यानात ठेवले तरी मोठी पायपीट वाचते.

आपल्या जिल्ह्यातही वेंगुर्ले तालुक्यात चिपीचा विमानतळ आहे. तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मालवणला, वेंगुर्ल्याला तो जवळचा. पण तेथे येणारी विमाने मोजकी आणि लहान असतात. लहान विमानाच्या पोटात सायकलीचे मोठे खोके मावेलच असे नाही. म्हणून पाहुण्याने तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला तसे विचारून घेतलेले बरे. हा सल्ला त्याला आपण द्यावा.

खोक्यात काय असते?

सायकल विमानात उभीच्या उभी जात नाही. तिचे भाग सुटे करून ती खोक्यात घालतात. पुढचे चाक काढतात. दोन्ही पायडल काढतात. हँडल सोडवून आडवे वळवतात. सीट खाली घेतात किंवा काढतात. टायरमधली थोडी हवा सोडतात.

असे खोके सुमारे साडेचार फूट लांब, अडीच फूट उंच आणि नऊ इंच जाड असते. कमीजास्त असू शकते. सायकलीचे वजन दहा ते पंधरा किलो. खोके आणि बाकीचे सामान धरून ते वीस किलोपर्यंत जाते. म्हणजे ओझे फार नाही. एक माणूस उचलू शकतो, पण दोघांनी उचलावे. एकट्याने उचलले की खोके जमिनीवरून ओढले जाते आणि खालचा पुठ्ठा फाटतो. फाटलेल्या जागेतून पहिल्याने काय पडते? बारीक नट आणि वायसर!

खोक्यात तीन जागा नाजूक असतात. त्या ओळखून ठेवा.

पहिली जागा मागच्या चाकाजवळची. उजव्या बाजूला चेनखाली गिअरचा एक भाग लोंबत असतो. त्याला डिरेलर म्हणतात. तो ज्या लहानशा पट्टीवर बसवलेला असतो, ती आजच्या बहुतेक सायकलींत मुद्दाम मऊ धातूची करतात. मार बसला तर पट्टी वाकावी आणि सायकलीचा सांगाडा वाचावा, हा त्यातला हेतू. पण ती पट्टी थोडी जरी वाकली, तरी गिअर नीट पडत नाहीत. आणि अशी पट्टी आपल्या बाजारात सहज मिळत नाही, कारण प्रत्येक सायकलीची वेगळी असते.

दुसरी जागा पुढचा चिमटा. चाक काढल्यामुळे त्याची दोन टोके मोकळी राहतात. बाजूने दाब आला तर ती आत दबतात. म्हणून जाणता माणूस टोकांच्या मध्ये लाकडाचा तुकडा बसवून देतो.

तिसरी जागा ब्रेकची चकती. चाकाच्या मध्यभागी पातळ पोलादी चकती असते. ती वाकली की चाक फिरताना घासते. चाक काढलेले असताना ब्रेक दाबूही नये. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असला तर आतले दोन्ही गुटके एकमेकांना चिकटून बसतात, मग चाक परत बसवताना नाकी नऊ येतात.

खोक्यावरच्या खुणा

ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही वाचता यावे म्हणून खोक्यावर चित्रे काढलेली असतात. दोन बाण वर तोंड करून असले तर समजावे, ही बाजू वर ठेवायची. पेल्याचे चित्र म्हणजे आत फुटण्याजोगे सामान आहे. छत्रीचे चित्र म्हणजे ओले होऊ देऊ नका.

हमालापासून घरवाल्यापर्यंत सर्वांनी ही तीन चित्रे पाठ करावीत. यांतले बाण सगळ्यांत महत्त्वाचे. सायकलीचे खोके उभेच राहिले पाहिजे. आडवे टाकून त्यावर दुसरे ओझे ठेवले की वजन थेट चाकाच्या तारांवर आणि डिरेलरवर येते.

गाडी कोणती सांगावी?

आता थोडे गणित करू. समजा, सहा पाहुणे येणार आहेत. सहा सायकली, म्हणजे सहा खोकी. शिवाय प्रत्येकाची एक पिशवी.

आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो, त्या टेंपोचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. पावणेपाच फूट म्हणजे सत्तावन्न इंच. खोके नऊ इंच जाड. सहा खोकी शेजारी शेजारी उभी केली तर सहा नव्वे चोपन्न इंच. सत्तावन्नातून चोपन्न गेले, उरले तीन. म्हणजे सहा खोकी बसतात, सातवे बसत नाही.

आता लांबी पाहू. हौदा चौऱ्याऐंशी इंच लांब, खोके चोपन्न इंच लांब. मागे तीस इंच उरतात. तेवढ्या जागेत पिशव्या राहतील. वजन किती? सहा वीस एकशेवीस किलो. टेंपोला ते काहीच नाही. तेव्हा ध्यानात घ्या, सायकलीच्या बाबतीत वजनाची अडचण नसते, जागेची असते. गाडी ठरवण्याआधी आपला हौदा टेपने मोजावा. पाहुण्याकडून खोक्याचे माप मागवावे. "बसेल हो!" असे हवेत बोलू नये.

आणि पाहुणे कोठे बसतील? ते टेंपोच्या हौद्यात बसणार नाहीत. मालाच्या गाडीत पाठीमागे माणसे बसवणे कायद्याला धरून नाही. त्यांच्यासाठी वेगळी प्रवासी गाडी सांगावी.

आणखी एक गोष्ट. मोपा गोव्यात आहे आणि आपले गाव महाराष्ट्रात. मध्ये पत्रादेवीला राज्याची हद्द लागते. भाड्याने चालणाऱ्या गाडीला दुसऱ्या राज्यात जाण्यायेण्याचा परवाना लागतो. गाडी सांगतानाच तो आहे का, ते विचारावे. हद्दीवर गाडी अडली आणि पाहुणे रात्री रस्त्यावर उभे राहिले, अशी पाळी येऊ नये.

काही पाहुणे म्हणतात, "आम्ही विमानतळावरच सायकल जोडतो आणि चालवत येतो." धट्टाकट्टा माणूस तसे करू शकतो. पण विमानतळाजवळ आणि महामार्गावर गाड्या वेगाने धावतात. अंधार पडला असेल, माणूस प्रवासाने शिणला असेल, तर तसे करू नये. शिवाय रिकामे खोके कोठे ठेवणार, हा प्रश्न राहतोच. पहिल्या दिवशी गाडीने यावे, रात्री झोप घ्यावी, सकाळी ताज्या अंगाने निघावे, हे चांगले.

विमानतळावर

सायकलीचे खोके इतर पिशव्यांबरोबर फिरत्या पट्ट्यावर येतेच असे नाही. मोठे सामान बहुधा वेगळ्या दारातून आणून देतात. त्याला वेळ लागतो. म्हणून विमान उतरल्यावर पाहुणा लगेच बाहेर दिसला नाही, तर घाबरू नये. टेंपोवाल्याने हा थांबण्याचा वेळ भाडे ठरवतानाच धरावा. दारापुढे मालाची गाडी उभी करू देतात की वाहनतळावर लावावी लागते, तेही आधी विचारून ठेवावे.

खोके हातात आले की पाहुण्याने तेथेच ते चारी बाजूंनी पाहावे. कोपरा दबला आहे का? भोक पडले आहे का? ओले झाले आहे का? काही इजा दिसली तर दालनातून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या माणसाकडून तशी लेखी नोंद करून घ्यावी. परदेशातून आलेल्या सामानाला इजा झाली असेल, तर सात दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. तोंडी सांगितलेले चालत नाही. जगभर असा करार आहे आणि तो आपल्या देशानेही मान्य केला आहे.

हात बदलला की लिहा

आता पाठातली मुख्य गोष्ट. सायकल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. विमान कंपनी पाहुण्याला देते. पाहुणा टेंपोवाल्याला देतो. टेंपोवाला घरवाल्याला देतो. घरवाला मिस्त्रीला देतो. शेवटी सायकल जोडून पुन्हा पाहुण्याच्या हाती येते. खोके उघडल्यावर काही मोडलेले निघाले, तर प्रश्न येतो, कोणाच्या हातात मोडले?

विमान तर उडून गेलेले असते. समोर असतो तो टेंपोवाला. मग सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळतात. कोपरा विमानातच दबला असेल. पण त्याने तो पाहिला नाही, लिहून घेतला नाही, तर त्याचे म्हणणे कोण ऐकणार? दिवसाचे भाडे जाईल आणि नावही जाईल.

म्हणून नियम असा करावा. हात बदलला की पाहावे, मोजावे, लिहावे. कागद मोठा नको. वहीचे अर्धे पान पुरे.

दिनांक: ........
विमानाचे नाव व क्रमांक: ........
खोकी मोजून घेतली: ६ (अक्षरी सहा)
खोके क्रमांक ४ चा एक कोपरा दबलेला आहे. बाकी पाच खोकी बाहेरून ठीक.
कोठे पोचवायची: ........
ठरलेले भाडे, थांबण्यासह: ........
देणाऱ्याची सही: ........
घेणाऱ्याची सही: ........

आकडा अक्षरातही का लिहावा? सहाच्या मागे एक काढला की सोळा होतात. अक्षरी सहाचे सोळा करणे तितके सोपे नाही. आणि खोक्यावर खडूने किंवा जाड पेनाने १, २, ३ असे क्रमांक घालावेत. नाहीतर कोणता कोपरा कोणत्या खोक्याचा, यावरच वाद व्हायचा!

कागद पुढे केला की पुष्कळांना राग येतो. समजा, एका घरच्या वहिनी टेंपोवाल्याशी बोलत आहेत.

"वहिनी, इतकी वर्षं मी तुमचं सामान आणतो. आता माझ्यावर विश्वास नाही होय?"

"विश्वास आहे म्हणून तर तुम्हांला बोलावलं, भाऊ. कागद माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे."

"तो कसा काय?"

"उद्या खोकं उघडलं आणि आत काही वाकडं निघालं, तर पाहुणे काय म्हणतील? टेंपोत आपटलं म्हणतील. तेव्हा तुम्ही हा कागद काढून दाखवा. चार नंबरचा कोपरा विमानतळावरच दबलेला होता, पाहुण्यांची सही आहे. झालं! तुमचं भाडं कोण अडवील?"

टेंपोवाल्याला ते पटले. तो म्हणाला, "मग सही कुठं करू?"

"आधी वाचा, भाऊ. वाचून मग करा."

वहिनींचे शेवटचे वाक्य आपण सर्वांनी मनात कोरून ठेवावे. न वाचता सही करणे हे डोळे मिटून घाट उतरण्यासारखे आहे.

चढवणे आणि बांधणे

हौदा झाडून घ्यावा. खिळा, वीट, मासळीचे पाणी, काही राहू देऊ नये. खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी अंथरावी. खोकी लांबीच्या दिशेने, एकमेकांना चिकटून उभी करावीत. चेनची बाजू कोणती, ते पाहुण्याला विचारून खोक्यावर लिहावे. कडेच्या खोक्यांची चेनची बाजू हौद्याच्या पत्र्याकडे करू नये, आतल्या बाजूला करावी. उरलेल्या जागेत पिशव्या दाबून बसवाव्यात म्हणजे खोकी हलत नाहीत.

दोरी बांधताना कोपऱ्याखाली गोणपाटाची घडी ठेवावी. दोरी नुसती करकचून आवळली तर ती पुठ्ठ्यात रुतते आणि आतल्या चिमट्याला दाब बसतो. खोके हलू नये इतकी ती घट्ट असावी, पुठ्ठा दबेल इतकी नसावी. वरून ताडपत्री घालावी. थंडीतही पहाटे दव पडते आणि पुठ्ठ्याला ओल चालत नाही. फाळका नीट लावावा. गतिरोधकावर आणि खड्ड्यात गाडी हळू घ्यावी.

पाहुण्याने सायकल खोक्याबाहेर काढून दिली तर? मग सायकली उलटसुलट उभ्या कराव्यात. एकीचे हँडल पुढे, तर शेजारचीचे मागे. मध्ये गोधड्या घालाव्यात. एकीचे पायडल दुसरीच्या चाकाच्या तारांत घुसते, म्हणून पायडल काढून ठेवावेत. डिरेलरवर टेकेल अशी सायकल कधीही आडवी ठेवू नये.

अंगणात सायकल जोडताना

पाहुणे बहुधा आपली सायकल आपणच जोडतात. पण मिस्त्री जवळ असला की आधार वाटतो आणि त्यालाही चार पैसे मिळतात. एक सायकल नीट जोडायला पाऊण तास धरावा. सहा सायकलींना एका माणसाचे साडेचार तास होतात. दोघे असले तर सव्वादोन तास. तेव्हा संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना अंगणात चांगला उजेड हवा आणि खाली चटई हवी. चटई अशासाठी की पडलेला नट मातीत हरवू नये.

मिस्त्रीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, पायडलचे आटे. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात. डाव्याचे उलटे असतात. जोर करून चुकीच्या बाजूला फिरवले तर आटे झिजून जातात आणि क्रँक वाया जाते. सोपी खूण अशी, पाना वर तोंड करून लावावा आणि पुढच्या चाकाकडे फिरवावा. दोन्ही पायडल त्यानेच आवळले जातात. मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सैल होतात. आट्यांना थोडे ग्रीस लावावे.

दोन, हवा. अशा पुष्कळ सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो. त्याला प्रेस्टा म्हणतात. आपल्या दुकानातला पंप त्याला लागत नाही. मध्ये एक लहानसे पितळी तोंड बसवावे लागते. ते दुकानात आणून ठेवावे. हवा किती भरावी, हे टायरच्या कडेवर छापलेले असते. ते वाचूनच भरावी.

तीन, ब्रेक. सायकल जोडून झाली की आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. मग अंगणातच एक फेरी मारावी. हँडल सरळ आहे का, गिअर पडतात का, चाक घासते का, ते पाहावे. ही तपासणी सपाटीवर करावी. आपल्याकडचा उतार चूक पोटात घालत नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्यांनी विमान बनवले, ते राइट बंधू मुळात सायकलवाले होते. अमेरिकेत डेटन या गावी त्यांचे सायकलींचे दुकान होते. १८९२ साली त्यांनी तो धंदा सुरू केला. सायकलीचा तोल, चेन, चाकाच्या तारा, यांचे ज्ञान त्यांना विमानाच्या कामी आले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, तेव्हा त्याचे पंखे सायकलीसारख्या चेननेच फिरत होते. तेव्हा आपल्या मिस्त्रीने स्वतःला कमी लेखू नये. पाना धरणाऱ्या हातांनीच विमान घडवले आहे.

खोके जपून ठेवा

सायकल निघून गेली की रिकामे खोके पडवीत पडून राहते. कोणाला वाटते, चुलीला पेटवण झाले! असे मुळीच करू नये. परत जाताना सायकल त्याच खोक्यात जायची आहे. खोके घडी करून, दोरीने बांधून, माळ्यावर कोरड्या जागी ठेवावे. वाळवीपासून जपावे. पाहुण्याचे नाव त्यावर लिहावे. चिमट्यात घातलेला लाकडी तुकडा, पुठ्ठे, पट्ट्या, सगळे एका पिशवीत घालून खोक्यालाच बांधावे.

पण सहल एका गावी सुरू होते आणि दुसऱ्याच गावी संपते, असेही होते. पाहुणे वेंगुर्ल्याला निघाले आणि मालवणला थांबले, तर खोकी मालवणला पोचती करायला हवीत. हे काम कोणी, कोणत्या दिवशी आणि किती भाड्याने करायचे, ते पहिल्या दिवशीच ठरवून त्याच कागदावर लिहावे. खोके खराब झाले, तर सायकलीच्या मोठ्या दुकानात विचारावे. नव्या सायकली कारखान्यातून खोक्यातच येतात आणि दुकानदार रिकामी खोकी बहुधा टाकून देतो.

विजेवर चालणारी सायकल असेल तर पाहुण्याने आधीच चौकशी करावी. अशा सायकलीची मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. आग लागण्याची भीती असते. पाने-पकडी पाहुण्याने हातातल्या पिशवीत न ठेवता खोक्यात ठेवाव्यात, नाहीतर तपासणीच्या वेळी त्या काढून घेतल्या जातात.

या कामात कोठेही मोठे यंत्र लागत नाही की मोठे भांडवल लागत नाही. टेप लागते, दोरी लागते, दोन गोधड्या लागतात आणि वहीचे अर्धे पान लागते. तिकिटावरची फुली वाचता आली, हौद्याचे माप मांडता आले आणि दबलेला कोपरा लिहून ठेवता आला, तर पाहुण्याची सायकल सुखरूप पोचते आणि आपल्या घामाचा पैसा कोणाला अडवता येत नाही.

सरावासाठी प्रश्न

१. मोपा आणि दाबोळी या विमानतळांच्या खुणा कशा ओळखाल?
२. एका टेंपोचा हौदा ५० इंच रुंद आहे. खोके ९ इंच जाड आहे. किती खोकी उभी राहतील? किती इंच जागा उरेल?
३. बाण, पेला आणि छत्री या चित्रांचा अर्थ सांगा.
४. डावे पायडल आवळताना पाना कोणत्या चाकाकडे फिरवाल?
५. तुमच्या गावी चार खोकी पोचली. त्यांतले दोन नंबरचे एका बाजूने ओले आहे. टेंपोवाल्याकडून ती खोकी घेताना कोणता कागद लिहाल? वहीत लिहून शेजाऱ्याला वाचून दाखवा.